निपचितरावांचा पाय

गादी विकत घ्यायला आलेला माणूस गादीवर झोपून बघायला लाजतो. चार लोकांच्या देखत बूट काढायचे, आडवं व्हायचं आणि छताकडे बघत "हं, बरी आहे" म्हणायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या वतीने झोपायला दुकानात एक माणूस लागतो. या गोष्टीतला माणूस नेमकं हेच काम करायचा. मालकाने "दाखवा हो" म्हटलं, की तो गादीवर सरळ पडायचा, हात पोटावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि असा काही पडून राहायचा, की गिऱ्हाईक आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचं. मालक म्हणायचा, "बघा, कापूस बोलतोय." कापूस कसला बोलतोय! बोलायचा तो मालकच. पण गादी खपायची.

एके दिवशी एक शाळामास्तर गादी बघायला आले. दिवसा ते भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळी चालवायचे. त्यांनी गादीकडे पाहिलंच नाही. गादीवरच्या माणसाभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्याच्या नाकापुढे बोट धरलं आणि कानाशी वाकून विचारलं, "मराल का?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "कधी?"

"शनिवारी संध्याकाळी."

"चालेल. शनिवारी दुकान लवकर बंद होतं."

असा त्याचा रंगभूमीवर प्रवेश झाला. मास्तर नाटकं स्वतः लिहायचे आणि त्यांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी मरायचंच, कारण जिवंत पात्रांचं पुढे काय करायचं हे त्यांना सुचत नसे. मेलेलं पात्र मात्र आता कायमचं मिळालं. मंडळींनी त्याला नाव ठेवलं निपचितराव, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. एका प्रयोगात त्यांच्या नाकावर माशी बसली. एका नाकपुडीवरून दुसऱ्या नाकपुडीवर गेली, कपाळावर फिरली, परत आली. प्रेक्षक नाटक सोडून माशीच बघत होते. निपचितराव हलले नाहीत. शेवटी माशीच ओशाळून उडाली. आणखी एका नाटकात ते पहिल्याच प्रवेशात मेले आणि मध्यंतरातही तसेच पडून राहिले, कारण "उठा" असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता यात माणसाला एवढं काय मिळतं, असं वाटेल. तर ऐका. जिवंतपणी निपचितरावांकडे कुणाचंच लक्ष नसायचं. ते बोलायला लागले की समोरचा घड्याळ बघायचा. दुकानात गिऱ्हाईक त्यांना गादीचाच भाग समजायचं. पण रंगमंचावर ते एकदा मेले, की सगळं घर त्यांच्याभोवती गोळा व्हायचं, "तुमच्यासारखा माणूस होणे नाही" म्हणून हंबरडा फोडायचं, आणि अंधारात कुणीतरी नाक ओढायचं. ते डोळे मिटून सगळं ऐकायचे. एरवी हे ऐकायला माणूस हयात नसतो. ते सुख त्यांना जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि ते गेलं असतं तर त्यांच्याकडे दाखवायला नुसत्या गाद्याच उरल्या असत्या.

एक खंत मात्र होती. त्यांच्या बायकोने त्यांचं एकही मरण पाहिलं नव्हतं. ती इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असायची. हात कायम गरम आणि अंगठे लोखंडाचे. नाटकाचा विषय निघाला की म्हणायची, "मला वेळ नाही. कपड्यांचा ढीग पडलाय." निपचितरावांना वाटायचं, हिला आपली कला म्हणजे पोरखेळ वाटतो. ते पुढे काही विचारायचे नाहीत.

आणि मग पाय सुरू झाला.

डावा आधी, मग त्याचं बघून उजवाही. संध्याकाळी खुर्चीत टेकलं, की पोटरीच्या आत काहीतरी वळवळायचं. दुखायचं नाही, खाजायचं नाही, पण पाय हलवल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहायचा नाही. हलवला की बरं, थांबवला की पुन्हा तेच. उठून घरभर फिरलं की सगळं गायब, आणि बिछान्यात पाऊल टाकलं की पाहुणे हजर. बसमध्ये त्यांचा गुडघा पुढच्या सीटवर टक्टक् आपटायचा, पुढचा माणूस वळून बघायचा, आणि बायको त्यांच्या गुडघ्यावर फाडकन हात ठेवून म्हणायची, "स्थिर बसा हो! लोक बघतायत." झोपेत तिला एवढ्या लाथा बसल्या, की तिने मधोमध लोड ठेवला. दोन दिवसांत लोडाचा कापूस बाहेर आला. झोपेचं पार खोबरं झालं होतं. गादी विकणारा माणूस रात्रभर गादीला पाठ लावू शकत नव्हता!

घरात एक आत्या होत्या, निपचितरावांच्या वडिलांची बहीण. कानाने अर्ध्या आणि सल्ल्याने दीड. त्या म्हणाल्या, "खोड आहे ती. लहानपणीच एक फटका दिला असता तर आज ही वेळ आली नसती." आणि शिस्त म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नवराबायकोबरोबर त्याही निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पायांना मुंग्या आल्यासारखं वाटतं का?"

"अगदी तसंच."

"ही खोड नाही बरं का. आजार आहे. अस्वस्थ पाय म्हणतात याला."

"बघा," बायको म्हणाली, "माणूस एवढा स्वस्थ, आणि पाय हे असे."

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं. अंगात लोह कमी असलं तरी असं होतं म्हणे. लोह भरपूर निघालं. मग त्या म्हणाल्या, "गोळ्यांचं नंतर बघू. आधी घरचे उपाय करा. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. संध्याकाळी थोडं चाला, पण दमेपर्यंत नाही. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणा, गरम पाण्यात पाय सोडा, कुणाकडून तरी चोळून घ्या. झोपेची वेळ ठरलेली ठेवा. आणि नुसतं बसावं लागलं तर डोकं कशात तरी गुंतवा. कोडी सोडवा, पाढे म्हणा. डोकं कामाला लागलं की पाय जरा विसरतात."

आत्यांच्या कानात यातला एकच शब्द शिरला होता. घरी येताच त्यांनी मुंग्यांचा खडू आणला आणि पलंगाभोवती जाड पांढरी रेघ ओढली. रात्री निपचितराव पलंगावरून उतरायला लागले, तशा आत्या पलीकडून ओरडल्या, "रेघ पुसू नकोस! आता कुठे त्यांची वाट बंद झालीय!" मुंग्या पायांवर नाहीत, पायांत आहेत, हे त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "आत गेल्या? मग आता बाहेर कशा येणार? मी वाटच बंद केली की!" आणि घाईघाईने रेघेला एक दार ठेवलं.

दुकानातल्या उशा भरणाऱ्या सहकाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, की चादरीखाली साबणाची वडी ठेवावी, पाय शांत होतात, त्याच्या मेहुण्याचे झाले. निपचितरावांनी वडी ठेवली. पण गरम पाण्यातून काढलेले पाय ते न पुसताच बिछान्यात गेले, आणि पायांनी रात्रभर आपलं काम केलं. सकाळी पायथ्याशी गुडघाभर फेस होता. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "साबणाने पाय स्वच्छ होतात, एवढं मी खात्रीने सांगते."

बाकीचे उपाय मात्र लागू पडले, थोडे थोडे. चहा सुटला, तेव्हा निपचितराव आठवडाभर खांबाशीसुद्धा भांडायला तयार होते, पण वळवळ कमी झाली. चालण्याने बरं वाटलं. सगळ्यात जास्त गुण आला तो बायकोच्या अंगठ्यांनी. ती दिवसभर इस्त्री करून आलेले गरम हात त्यांच्या पोटऱ्यांवर ठेवायची, टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुरकुत्या काढल्यागत दाबत जायची आणि तोंडाने सारखी बडबडत राहायची. "काय पाय आहे का शिलाई मशीन? गप रे! तूपण गप!" ती पायांशी थेट बोलायची. तिचा हात असेपर्यंत पाय जरा वळणावर असायचा. हात काढला, की ये रे माझ्या मागल्या.

आणि अशातच मास्तरांचं नवं नाटक आलं. बाप दुसऱ्या अंकात मरतो, आणि तिसरा अख्खा अंक पोरं त्याच्या पलंगाभोवती कपाटाच्या किल्लीसाठी भांडतात. निपचितरावांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं मरण! पूर्ण अंक, मधोमध, उजेडात.

पहिल्याच तालमीला पोरगा म्हणाला, "बाबा गेले," आणि बाबांनी लाथ झाडली. निपचितरावांनी डॉक्टरीणबाईंचा सल्ला आठवून मनातल्या मनात पाढे सुरू केले. सोपे पाढे पायांनी मानले नाहीत, म्हणून एकोणतीसचा घेतला. तो मात्र मनात मावेना. विधवेचं काम करणारी बाई बँकेत रोखपाल होती. ती छाती पिटून म्हणाली, "जाताना एक शब्दही बोलला नाहीत हो!" आणि पलंगावरून आवाज आला, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन."

"बरोबर आहे," रोखपालबाई सवयीने म्हणाल्या.

दुसऱ्या तालमीला पांघरुणाखाली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. पाय सुखावला, पण पिशवीचं बूच सैल होतं. तिसऱ्या अंकाच्या मध्यावर पलंगाखाली ओघळ आला. मोठा मुलगा संवाद विसरून म्हणाला, "बाबांना शू झाली वाटतं." तिसऱ्या तालमीला सामान सांभाळणाऱ्या गड्याने पट्ट्याने दोन्ही पाय पलंगाला करकचून बांधले. आधी पाय हलत होते, आता पलंग हलायला लागला. एक चाक निसटलं आणि निपचितराव पलंगासकट विंगेत निघून गेले. चौथ्या तालमीला रोखपालबाई पायांवर डोकं टेकून रडायला गेल्या आणि हनुवटीवर लाथ खाऊन बसल्या. त्या उठल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "मास्तर, मी मुडद्याच्या लाथा खायला येत नाही. एकतर हे, नाहीतर मी."

पाचव्या तालमीला पलंगावर कापडदुकानातला पुतळा होता. त्याला मिशा चिकटवल्या होत्या. नाक तुटलेलं होतं, पण तो हलत नव्हता.

"वाईट वाटून घेऊ नका," मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले. "तुम्ही पडदा ओढा."

निपचितराव घरी आले आणि हातपाय गाळून बसले. म्हणजे हात गाळले. पाय कसला गळतोय, तो हलतच होता. ते जेवले नाहीत. आत्यांनी रेघेला आणखी एक दार ठेवलं, तरी उपयोग झाला नाही. बायकोने पोटऱ्या चोळायला घेतल्या, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. आता कशाला? आता पुतळा मरणार आहे."

"पुतळा कसा मरेल? तो जिवंत कधी होता?"

"हेच मी मास्तरांना म्हणालो!" निपचितरावांचे डोळे भरून आले. "पण तुला काय त्याचं. तू कधी बघायलासुद्धा आली नाहीस. तुला तो पोरखेळच वाटतो."

बायकोचे अंगठे थांबले. "पोरखेळ? अहो, तुम्ही मेलेले मला बघवणार नाहीत. खोटं असलं तरी. एवढंही कळत नाही का तुम्हाला? इतकी वर्षं मी ढिगाचं कारण सांगते, एकदा तरी येऊन बघितलात का दुकानात, ढीग असतो का ते?"

हे निपचितरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पायच तेवढा बोलत होता.

"येते मी," बायको शेवटी म्हणाली. "पायांशी बसेन आणि दाबत राहीन. पण तोंडाकडे बघणार नाही, आधीच सांगते. पाय हलतोय तोवर मला धीर."

मास्तरांनी डोक्याला हात लावला, पण पुतळ्याची मिशी सारखी गळत होती, आणि रोखपालबाईंना लाथ बसणार नाही अशी हमी मिळाली. निपचितरावांच्या बायकोला संवाद पाठ होणं शक्य नव्हतं. म्हणून मास्तरांनी एका रात्रीत नवं पात्र घातलं. मुकी मावशी. ती यायची, पायांशी बसायची, दुःखाने पाय चेपत राहायची. बोलायचा प्रश्नच नाही.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. पलंगावरची गादी मालकाने दुकानातली सगळ्यात उंची दिली होती, पुढच्या रांगेला दिसेल असं दुकानाचं नाव लावून. तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. मोठा मुलगा म्हणाला, "ही आमची मुकी मावशी. जन्मात एक अक्षर बोलली नाही." बायको खाली मान घालून आली, पांघरुणाखाली हात घातला आणि कामाला लागली. टाचेपासून वर, टाचेपासून वर. तोंडाने बडबडता येत नव्हतं, म्हणून ती ओठ घट्ट मिटून मनातल्या मनात पायांना दटावत होती. पाय थोडा धडपडला, मग नरमला. पोरं किल्लीवरून भांडत होती, रोखपालबाई रडत होत्या, विंगेत मास्तर उपरणं चावत होते. सगळं झकास चाललं होतं.

आणि मग पाय थांबला.

नुसता थांबला नाही, जड झाला. सैल पडला. इतक्या महिन्यांत तिच्या हाताखाली तो असा कधीच पडला नव्हता. तिने हळूच दाबून बघितलं. काही नाही. अंगठा धरून ओढला. काही नाही. चिमटा काढला, चांगला पिळून. काही नाही! न बघायचं ठरवलेल्या तोंडाकडे तिने बघितलं. गालांवर पांढरी पावडर, मिटलेले डोळे, पोटावर हात.

"अहो!" ती ओरडली. "अहो, हलवा की पाय!"

नाट्यगृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मोठ्या मुलाच्या हातून किल्ली पडली, ती आली ऐकू.

"मावशी बोलली?" तो म्हणाला. हे नाटकात नव्हतं.

"आणि बाबांना 'अहो' म्हणाली?" मुलगी म्हणाली. हेही नव्हतं.

रोखपालबाईंनी रडणं थांबवून मावशीकडे असं काही बघितलं, की तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "मला आधीच संशय होता!"

मावशीला याचं काहीच नव्हतं. ती दोन्ही हातांनी पाय गदागदा हलवत होती. "हलवा हो! पुन्हा कधी गप बस म्हणणार नाही त्याला. मारा लाथ, कितीही मारा. मला मारा!" आणि ती खरीखुरी रडत होती.

निपचितराव मेले नव्हते. ते झोपले होते. कित्येक आठवड्यांनी, उंची गादीवर, बायकोच्या हाताखाली त्यांना गाढ झोप लागली होती. त्या हाकेने ते जागे झाले आणि क्षणात त्यांना सगळं उमगलं. तिसरा अंक. उजेड. भरलेलं घर. माशीला जे जमलं नाही, ते म्हणजे त्यांना हलवणं, आता त्यांच्याच हातात होतं, म्हणजे पायात. हललो नाही तर मास्तरांचं नाटक वाचतं, आपलं नाव राहतं, सगळं घर आपल्यासाठी रडतंच आहे. पण ज्या एका बाईने रडावं असं त्यांना कायम वाटायचं, ती आता रडत होती, आणि ते त्यांना मुळीच ऐकवेना.

त्यांनी पांघरूण झुगारलं, डावा पाय वर उचलला आणि हलवला. चोरून नाही. चष्मा विसरून आलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा असा, मनसोक्त.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. हसण्याने पडदा थरथरत होता. मोठा मुलगा किल्ली परत बाबांच्या उशाखाली ठेवून कोपऱ्यात उभा राहिला. रोखपालबाई विंगेकडे वळून एवढंच विचारत होत्या, "मास्तर, मी विधवा आहे की नाही, ते सांगा!" मास्तर काहीच सांगू शकत नव्हते, कारण उपरणं घशात गेलं होतं.

रंगपटात निपचितराव मास्तरांपुढे मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं माझं. पुढच्या खेपेला जिवंत माणसाचं काम द्या."

"जिवंत जमेल तुम्हाला?" मास्तरांनी शंकेने विचारलं.

"जमेल," बायको म्हणाली. "मी रोज बघते."

घरी जायला बस मिळाली. निपचितरावांच्या कानामागे अजून पावडर होती. दोघं शेजारी बसले, बस सुरू झाली आणि पोटरीत ओळखीची वळवळ उठली. गुडघा पुढच्या सीटवर आपटायला लागला. टक्टक्, टक्टक्. पुढचा माणूस वळला. निपचितरावांनी सवयीने बायकोच्या हाताची वाट पाहिली. हात आला, गुडघ्यावर टेकला, पण दाबला गेला नाही.

"अहो, जरा पाय आवरायला सांगा की यांना," पुढचा माणूस वैतागून म्हणाला.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "हलू दे. तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही मागे येऊन बसा."